रिकम्बंटवर हंगामातली पहिली २०० : हडपसर ते भिगवण आणि परत

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून ताशी १५ ची सरासरी राखली तरी १३ तास २० मिनिटांत अंतर संपतं. सपाट रस्त्यावर रिकम्बंटला, म्हणजे मागे रेलून चालवायच्या सायकलीला, हा वेग किरकोळ वाटतो आणि नवखा माणूस तिथेच गाफील राहतो. या सायकलीवर वेळ जातो तो चढावर, कंट्रोलपाशी (वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणी), पंक्चर काढण्यात आणि दीडशेव्या किलोमीटरनंतर गुडघा धरून बसण्यात. सीट आरामाची आहे म्हणजे पाय तयार आहेत असं नव्हे, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

इथली मापं दोनचाकी, आखूड बांध्याच्या रिकम्बंटची आहेत: पाठ टेकलेली, पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, पुढचं चाक २० इंची, मागचं २६ इंची किंवा ७००सी. तीनचाकी ट्राइक चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

ब्रेव्हे आणि तिचा रस्ता

बीआरएमचे, म्हणजे या ब्रेव्हेंचे, नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे. त्यांचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे पावसाळा आणि ऑक्टोबरचा उकाडा उरकून हवा जरा बरी होते तेव्हा. माणसाच्या ताकदीवर चालणारं कुठलंही वाहन त्यांना चालतं. सायकल शर्यतींचं तसं नाही. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशेने बनवलेल्या रिकम्बंटवर एका तासात ४५ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापलं आणि जुना विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी जागतिक संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाहेर काढल्या. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, त्यामुळे हा वाद तुमच्या वाट्याला येत नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या प्रसिद्ध लांब राइडला तर अशा सायकलींची निघण्याची तुकडीच वेगळी असते.

पहिल्या वेळी घाट नको. साताऱ्याकडे किंवा महाबळेश्वरकडे जाणाऱ्या ब्रेव्हे पुढच्या वर्षासाठी ठेवा. पुण्याच्या बाजूला सोलापूर रस्ता नवख्यासाठी उत्तम: हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ करत भिगवण आणि तिथून परत. कुरकुंभजवळचा चढ सोडला तर दम काढणारं काही नाही. तुमच्या क्लबचा रस्ता वेगळा असेल तर नोंदणीच्या आधी एकूण चढाई बघा. २०० किलोमीटरमध्ये १,००० मीटरपर्यंत चढाई असेल तर बिनधास्त नाव द्या, २,००० च्या वर असेल तर थांबा.

बूम : सगळं इथून सुरू होतं

साध्या सायकलीवर सीट वरखाली करतात, इथे पेडल पुढेमागे करतात. पेडल ज्या नळीच्या टोकाला असतं ती बूम. माप घेण्याची सोपी रीत अशी: सायकल भिंतीला टेकवा, बूट घालून बसा, पाठ आणि कंबर सीटला पूर्ण चिकटवा, टाच पेडलवर ठेवा आणि क्रँक (पेडलचा दांडा) सगळ्यात लांबच्या जागी न्या. गुडघा तिथे जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक उरतो.

बूम आखूड राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखतं. लांब झाली तर गुडघ्याच्या मागे किंवा टाचेच्या वरच्या शिरेत. दुखणं कुठे आहे त्यावरून बूम कुठे सरकवायची ते ठरवा, पण एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच, आणि मग दोन-तीन राइड तशाच करून बघा. सीटचा कल बदलला की पेडलचं अंतरही बदलतं, तेव्हा आधी कल पक्का करा आणि मगच बूमला हात लावा. नवख्याने सीट फार आडवी करू नये. जमिनीशी ३० ते ४० अंशांचा कोन ठेवा. त्याहून आडवी सीट वारा छान कापते, पण मान अवघडते आणि समोरचा खड्डा दिसत नाही.

माप जमलं की बूम फ्रेममध्ये शिरते तिथे पक्क्या मार्करने रेघ मारा. ही रेघ फार महत्त्वाची. रिकम्बंटवर पाठीला टेकू असल्याने चढावर स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त जोर लावता येतो, आणि क्लॅम्पचे बोल्ट ढिले असतील तर बूम हळूहळू आत सरकते किंवा थोडी फिरते. ते जाणवत नाही. जाणवतो तो फक्त संध्याकाळी ठणकणारा गुडघा, आणि माणूस दोष वयाला देतो.

बूम बरीच बाहेर काढली तर चेनही वाढवावी लागते, कारण चेन त्या अंतरातून जाते आणि परत येते. बूम अडीच सेंटिमीटर सरकली तर चेन पाच सेंटिमीटर, म्हणजे चार कड्या. हे न करता मोठ्या चेनरिंगवर (पुढचं दातेरी चाक) आणि मोठ्या स्प्रॉकेटवर (मागचं दातेरी चाक) गिअर टाकलात तर चेन ताणून मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकतो.

क्लीट, म्हणजे बूट पेडलला अडकवणारा तळाचा तुकडा, नेहमीपेक्षा ५ ते १० मिलिमीटर मागे, टाचेकडे घ्या. पाय हृदयाच्या उंचीच्या आसपास असल्याने तळव्यांचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि साठ-सत्तर किलोमीटरनंतर बोटांत मुंग्या येतात, तळवे जळायला लागतात. क्लीट मागे घेणं, बूट अर्धा नंबर सैल असणं आणि हलक्या गिअरवर पाय फिरवणं हे यावरचे उपाय. साध्या चपट्या पेडलवर लांबची राइड करूच नका: पाय तोलून धरण्यात पोटऱ्या थकतात, आणि खड्ड्यात पाय निसटून जमिनीला लागला की सायकल त्याच्या अंगावरून पुढे जाते. ट्राइकवर तर पाय फ्रेमच्या आडव्या दांडीखाली ओढला जाऊन मोडतो. बांधलेला पाय इथे सुरक्षित.

गिअर

रिकम्बंटवर उभं राहून पेडल मारता येत नाही. चढ आला की एकच शस्त्र: हलका गिअर. हिशेब सोपा आहे. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले मागच्या चाकाचा व्यास इंचांत. २६ दातांची छोटी चेनरिंग, मागे ३४ आणि चाक २६ इंची असेल तर उत्तर येतं साधारण २०. या गिअरवर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग पडतो ताशी पावणेसहा किलोमीटर. त्याखाली दोनचाकी रिकम्बंट डगमगायला लागते, म्हणून २० च्या खाली जाण्यात फारसा अर्थ नाही. पण तुमचा सगळ्यात हलका गिअर ३० च्या वर असेल तर ब्रेव्हेच्या आधी कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) किंवा चेनरिंग बदला. सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांची सवय लावा. जड गिअर दाबत बसणाऱ्याचे गुडघे या सायकलीवर सर्वांत आधी बोलतात.

सहा आठवडे

साध्या सायकलीवर तुम्ही तीनशे-चारशे केलेले असाल, तरी रिकम्बंटवर पहिला महिना तुम्ही नवखेच. जोर मांडीच्या वेगळ्या भागावर आणि नितंबांवर येतो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत होती नव्हती ती सवयही गेलेली असते. सप्टेंबरअखेर सुरुवात करा. आठवड्यात दोनदा २५-३० किलोमीटर आणि रविवारी लांबची राइड: ४०, मग ६०, ८०, १००, १३०. सहाव्या आठवड्यात फक्त दोन हलक्या राइड, आणि शेवटचे दोन दिवस विश्रांती. परतीचा पाऊस एखादा रविवार खाणार हे गृहीत धरा. त्या दिवशी घरातच ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) दीड तास चालवा, पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून.

चौथ्या आठवड्यात एकदा जुन्या कात्रज घाटासारखा मंद चढ चढा. इथे शिकायचं ते चढणं नाही, चढावर थांबून पुन्हा निघणं. थांबण्याच्या आधीच हलका गिअर टाकून ठेवा. थांबल्यावर गिअर पडत नाही. जोरकस पाय पेडलवर, क्रँक घड्याळाच्या अकराच्या काट्यासारखी, दोन्ही ब्रेक दाबलेले. खांदे सीटला टेकवा, नजर पंधरा-वीस मीटर पुढे टाका, ब्रेक सोडत एकच ठाम दाब द्या आणि दुसरा पाय लगेच उचला. हँडल आवळून धरलं की सायकल नागमोडी जाते. हात सैल ठेवणं हे अर्ध्याहून अधिक काम आहे. आणि अगदी हळू वळताना पेडल मारू नका, टाच पुढच्या चाकाला घासते. यू-टर्न घेताना पडणारे बहुतेक याच कारणाने पडतात.

पावसाळ्यानंतरची तपासणी आणि सोबतचं सामान

चार महिने कोपऱ्यात उभ्या सायकलीची चेन गंजलेली, सीटच्या फोमला बुरशी आणि चेनच्या नळ्यांत चिखल, हे ठरलेलं. नळ्या काढून आतून कापड ओढा. आयडलर, म्हणजे सीटखालची चेन वळवणारी पुली, हाताने फिरवून बघा. खरखर आली तर बेअरिंग बदला. पूर्ण चेनचा जोर त्या एका पुलीवर येतो, आणि ती अडकली तर सायकल ढकलतच न्यावी लागते. तिचा बोल्ट घट्ट आहे ना, तेही पाहा.

सामानात तीन गोष्टी अशा आहेत की ज्या वाटेतल्या दुकानात मिळणार नाहीत.

टायर-ट्यूब. २० इंची म्हणून दोन वेगळी मापं खपतात, ४०६ आणि ४५१. टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचा. ४०६ चं टायर लहान मुलांच्या सायकलीचं म्हणून यवत-चौफुल्याला कदाचित मिळून जाईल. ४५१ चं मिळणार नाही. पुढच्या-मागच्या चाकाच्या दोन-दोन ट्यूब, पुढच्या चाकाचं एक घडीचं टायर, पॅचेस, सोल्यूशन आणि पंप सोबत हवाच.

गिअरची केबल. साध्या दुकानातली केबल दोन मीटरच्या आसपास असते, रिकम्बंटच्या मागच्या डिरेलरपर्यंत ती बऱ्याचदा पोचत नाही. तीन मीटरची एक गुंडाळून सीटमागे ठेवून द्या.

चेनचे क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), तुमच्या चेनच्या स्पीडचे, निदान दोन. सोबत चेन तोडायचं हत्यार आणि दहा-बारा कड्यांचा तुकडा.

बाकी ॲलन किल्ल्या, झिप टाय, इन्सुलेशन टेप, रबरी हातमोजे. रिकम्बंटची चेन अडीच-तीन साध्या चेनइतकी लांब असते आणि ती हाताळून झाल्यावर त्याच हातांनी केळं सोलायचं असतं.

दिवा हँडलवर लावू नका. गुडघे आणि पाय त्याच्या झोतात नाचतात आणि रस्त्यावर सावल्यांचा खेळ होतो. तो बूमच्या टोकाला, क्रँकच्या पुढे हवा. मागे दोन लाल दिवे, एक जोडलेला आणि एक राखीव. आरसा उजवीकडे, कारण पाठ टेकलेली असताना मान वळवून मागचं दिसत नाही. सीटमागे उंच काठीवर भडक झेंडा लावा. ट्रकच्या केबिनमधून तुमची सायकल दिसत नाही, झेंडा दिसतो.

राइडचा दिवस

समजा सुटण्याची वेळ सकाळी सहा. नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्य साडेसहानंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. शंभराव्या किलोमीटरचा कंट्रोल १२:४० ला बंद होतो, शेवटचा संध्याकाळी ७:३० ला. म्हणजे सुरुवात झुंजुमुंजूला, आणि शेवटच्या मिनिटांपर्यंत लागलात तर दीड तास अंधारात. परावर्तक जॅकेट आणि दिवे बॅगेत नव्हे, अंगावर आणि सायकलीवर हवेत.

चालता वेग ताशी २० धरा: दहा तास चालवणं, साडेतीन तास हातात. ऐकायला भरपूर वाटतात. पण एक पंक्चर अर्धा तास खातं, आणि रिकम्बंटवाल्याचा प्रत्येक थांबा इतरांपेक्षा लांबतो, कारण चहाच्या टपरीवर गर्दी जमते. "ही कितीला पडली?" "बसून बघू का?" कोणीतरी ब्रेक दाबून बघतं, पोरं झेंडा हलवतात. दोन वाक्यांत हसून उत्तर द्या, सायकलीच्या बाजूलाच बसा आणि मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावा. कंट्रोलवर गेल्या गेल्या आधी कार्डावर शिक्का, किंवा सांगितलं असेल तसं एटीएमची पावती नाहीतर फोटो, मग पाणी, मग बसणं. हा क्रम उलटा झाला की शिक्का राहतो आणि ते दहा किलोमीटर पुढे गेल्यावर आठवतं.

पहिल्या ४० किलोमीटरवर मुद्दाम आवरून चालवा. ताजे पाय, गार हवा, समोर साध्या सायकलींचा घोळका: सगळं तुम्हाला पळायला लावतं. घोळक्यात राहू नका. सपाटीवर आणि उतारावर तुम्ही त्यांच्या पुढे जाणार, चढावर मागे पडणार, आणि त्यांच्या मागे राहिलात तर त्यांच्या चाकापलीकडचा खड्डा तुम्हाला दिसणारच नाही. समोरून वारा असेल तेव्हा मात्र ही सायकल आपले पैसे वसूल करून देते.

रस्त्याचं म्हणाल तर खड्डा दिसला की सीटवरून उठून धक्का झेलण्याची सोय नाही, आणि २० इंची चाक खड्ड्यात खोल जातं. म्हणून दूरवर बघा, गतिरोधकावर ताशी दहाच्या आत या आणि तेवढ्यापुरतं डोकं हेडरेस्टवरून उचला. उभ्या ट्रकला वळसा घालताना लक्षात ठेवा, तुमचे पाय डोळ्यांच्या जवळजवळ एक मीटर पुढे असतात. तुम्हाला दिसायच्या आत ते रस्त्यात आलेले असतात. डाव्या कडेने उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकली या रस्त्यावर नेहमीच्या. शेजारून गाडी चालवत मोबाइलवर शूटिंग करणारे त्याहून वाईट. वेग कमी करून त्यांना पुढे जाऊ द्या. कुत्री धावली तर दरडावून ओरडा, तेवढ्याने नाही भागलं तर थांबा. थांबलेल्या सायकलीत त्यांना गोडी नसते.

परतीच्या अंधारात सगळ्यात मोठा धोका उसाच्या ट्रॉल्यांचा. गाळप हंगाम याच दिवसांत सुरू होतो आणि दौंड तालुक्यात मागे दिवा नसलेल्या जोडट्रॉल्या सर्रास भेटतात. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, नेमका तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

खाणं, पाणी, ऊन

पाणी सीटमागच्या पिशवीत, नळी खांद्यावरून पुढे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पोटात गेलं पाहिजे. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतून मळमळ ओढवून घेणारे दर ब्रेव्हेला सापडतात. खाणं पहिल्या तासापासून, दर ४०-४५ मिनिटांनी थोडं: केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर. रेललेल्या पोटावर जड जेवण वर येतं. भिगवणची मासळीची थाळी प्रसिद्ध आहे आणि दुपारी बरोबर तुमच्या कंट्रोलपाशी वाट बघत असते. ती वेगळ्या दिवशी, गाडीने येऊन खा. आज दहीभात किंवा पोहे आणि वर ताक.

ऊन या सायकलीवर वेगळ्याच जागी लागतं: हनुवटीखाली, नाकाच्या आत कडेला, मांड्यांच्या वरच्या बाजूला, नडग्यांवर. तिथे सनस्क्रीन निघताना आणि पुन्हा मध्यावर लावा. हेल्मेटखाली झाप असलेली टोपी घाला, गॉगल घाला.

दर २० किलोमीटरला एक मिनिट उतरा, पाय खाली सोडून बोटं हलवा. तळवे जळत असतील तर बुटाचा पट्टा एक घर सैल करा. गुडघा कुरकुरायला लागला तर आधी बूमची रेघ बघा, मग दोन गिअर हलके करा. रेघ जागेवर आहे, गिअर हलका आहे आणि तरी वेदना वाढतेच आहे, तर राइड सोडा, आयोजकांना फोन करून तसं कळवा. रिकम्बंट एसटीत चढत नाही. टेम्पोवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. सीट काढली की छोट्या टेम्पोत ती आडवी मावते.

शेवटच्या कंट्रोलवर कार्ड देताना वेळ, शिक्के, सही तिथल्या तिथे तपासा. घरी पोचल्यावर अंघोळीच्या आधी सायकलीकडे पाच मिनिटं द्या: रेघ सरकली का, आयडलर आवाज करतो का, पुढच्या टायरमध्ये काचेचा तुकडा रुतलाय का, आणि कुठल्या किलोमीटरला काय दुखायला लागलं ते कागदावर लिहा. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेआधी बूम कुठे सरकवायची ते त्या कागदावरून ठरेल.